पावत्या आहेत, कबुली कुठे आहे? रूममेटकडे थकलेल्या घरखर्चाच्या वसुलीबाबत

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते घणसोली येथे दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये अन्य दोघांसमवेत राहतात. तिघांच्या नावे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असून तो सप्टेंबरअखेर संपतो. डिपॉझिट ९०,००० रुपये आहे आणि प्रत्येकाने आपले ३०,००० रुपये स्वतःच्या खात्यातून घरमालकांना पाठवले आहेत. भाडेही प्रत्येक जण परस्पर भरतो, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती डिसेंबर ते जून या सात महिन्यांच्या घरखर्चाची. लाइट बिल, वायफाय, पाइप गॅस, स्वयंपाक-धुणीभांड्यांच्या मावशींचा पगार आणि किराणा हे सर्व प्रश्नकर्ते आधी भरतात आणि नंतर तिघांत वाटतात. दुसऱ्या रूममेटने आपला वाटा दरमहा दिला. तिसऱ्याने सात महिन्यांत काहीच दिले नाही आणि आता जुलैअखेर फ्लॅट सोडणार असल्याचे कळवले आहे. मागणी ३४,७९० रुपयांची आहे. पोलिसांत जावे का, डिपॉझिटमधून रक्कम कापता येईल का, पैसे मिळेपर्यंत त्याचा लॅपटॉप ठेवून घेता येईल का आणि एवढ्या रकमेसाठी न्यायालयात जाणे परवडेल का, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

ठाणे आणि बेलापूरच्या न्यायालयांत मी बरीच वर्षे वसुलीचे दावे चालवले आहेत. त्या अनुभवावरून प्रथम एवढेच सांगतो की आपली बाजू न्याय्य आहे, आपल्याजवळ पावत्याही आहेत; परंतु ज्या एका कागदावर हे प्रकरण खऱ्या अर्थाने उभे राहील तो कागद अद्याप तयार झालेला नाही, आणि तो तयार करण्याची संधी जुलैअखेरपर्यंतच आपल्या हाती आहे. पावती एवढेच सांगते की आपण पैसे भरले. समोरच्याने आपल्याला ते द्यायचे आहेत, हे पावती सांगत नाही. ते सांगते त्याची सही असलेली कबुली. म्हणून चारही प्रश्नांची उत्तरे मी त्या कबुलीच्या अनुषंगानेच देणार आहे.

आधी आकडा तपासू. आपण पाठवलेल्या तक्त्यानुसार सात महिन्यांचे लाइट बिल २१,६३० रुपये, वायफाय ६,३०० रुपये, पाइप गॅस २,९४० रुपये आणि मावशींचा पगार ३१,५०० रुपये, म्हणजे एकूण ६२,३७० रुपये होतात. त्याचा तिसरा हिस्सा २०,७९० रुपये येतो. त्यात त्याच्या वाट्याच्या किराण्याचे १४,००० रुपये मिळवून आपण ३४,७९० चा आकडा काढला आहे. बेरीज बरोबर आहे, पण मागणी म्हणून हा आकडा टिकणार नाही, कारण त्याच तक्त्यात आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे की एसी केवळ आपल्या खोलीत आहे आणि तो एप्रिल-मे महिन्यांत रोज रात्री चालत होता. त्या दोन महिन्यांची बिले अनुक्रमे ४,४०० आणि ४,६५० रुपयांची आहेत, तर उरलेल्या पाच महिन्यांची सरासरी २,५१६ रुपये पडते. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, पुढे तीनशेपर्यंत दुसरा, मग पाचशेपर्यंत तिसरा. त्यामुळे एसीमुळे केवळ युनिटे वाढत नाहीत, वाढलेली युनिटे महागड्या टप्प्यात जाऊन पडतात. दोन महिन्यांचा मिळून जादा भार ४,०१८ रुपयांचा आहे आणि त्याचा तिसरा हिस्सा सुमारे १,३४० रुपये होतो. उन्हाळ्यात पंखे सर्वांचेच जास्त चालतात, हे खरे. तरीही ही पूर्ण रक्कम आपण सोडून द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सात महिने पैसे न देणारा माणूस तोंड उघडेल तेव्हा पहिला शब्द ‘एसी’ हाच असेल, आणि तो एक शब्द काढून घेतला की त्याच्याजवळ बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

हा तिसरा रूममेट मध्यंतरी पाच आठवडे गावी होता, म्हणून त्या काळाचा मावशींचा पगार तो देणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. ते मात्र मान्य करण्याचे कारण नाही. मावशींचा पगार आणि वायफाय हे घर चालू ठेवण्याचे बांधील खर्च आहेत. कोण किती दिवस हजर होता यावर ते कमी-जास्त होत नाहीत. मावशी सुट्टी घेतात तेव्हा पगार कापायचा नाही, असे तिघांनी मिळून ठरवले असेल तर रूममेटच्या सुट्टीचाही पगार कापता येत नाही. वापरावर अवलंबून असणारे खर्च, म्हणजे किराणा आणि काही अंशी गॅस, यांत मात्र त्याचा मुद्दा ऐकून घ्यावा लागेल. किराण्याच्या १४,००० रुपयांपैकी ज्या नोंदींवर त्याने ग्रुपवर ‘ठीक आहे’ किंवा ‘पुढच्या पगाराला देतो’ असे लिहिले आहे त्यांची बेरीज ६,२०० रुपये भरते. उरलेल्या ७,८०० रुपयांची ना बिले आहेत, ना त्याचा होकार. ते सोडा. वाईट वाटेल, पण ज्या रकमेचा पुरावा नाही ती मागितली की पुरावा असलेल्या रकमेवरही संशय येतो; न्यायाधीश तक्ता वाचताना सर्वांत कच्च्या ओळीवर बोट ठेवतात आणि तेथूनच खाली वाचू लागतात.

म्हणजे वीज ५,८७०, वायफाय २,१००, गॅस ९८०, मावशी १०,५०० आणि किराणा ६,२००, असे एकूण २५,६५० रुपये होतात. हा आकडा आपण शपथेवर सांगू शकता.

आता ही रक्कम कायद्याने का येणे आहे ते पाहू. तिघांत घरखर्चाबाबत लेखी करार झालेला नाही, याची आपल्याला चिंता वाटते. ती निराधार आहे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तोंडी करारही करारच असतो आणि वर्तनातून दिसणारे वचनही वचनच असते. डिसेंबरपूर्वी वर्षभर त्याने दरमहा आपला वाटा यूपीआयने पाठवला आहे, त्यातील काही नोंदींत ‘लाइट बिल’ असा शेराही आहे. तिघांत समान वाटणी ठरली होती हे सिद्ध करायला या बारा नोंदींसारखा बोलका पुरावा दुसरा नाही, तेव्हा थकबाकीच्या नोंदींसोबत भरलेल्या महिन्यांच्या नोंदीही जपून ठेवा; लोक नेमके त्याच विसरतात. शिवाय त्या कायद्याच्या कलम ४३ नुसार अनेकांनी मिळून एखादी जबाबदारी घेतली असेल आणि एकाने ती संपूर्ण पार पाडली तर तो इतरांकडून समान वाटा मागू शकतो. वेगळे काही ठरलेले असल्याचे दिसत असेल तेवढाच अपवाद. आपल्या लिव्ह अँड लायसन्स करारात वीज आणि गॅसची बिले लायसेन्सींनी, म्हणजे राहणाऱ्यांनी, भरावीत, असे कलम आहे आणि खाली तिघांच्या सह्या आहेत, म्हणून ही दोन बिले सरळ कलम ४३ मध्ये बसतात. वायफायचे तसे नाही. कनेक्शन एकट्या आपल्या नावे आहे, कंपनीला जबाबदार एकटे आपण. तेथे आपली मागणी आपसांतील ठरावावर आणि कलम ७० वर उभी राहते. एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी काही कायदेशीररीत्या केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला तर लाभ घेणाऱ्याने त्याची भरपाई केली पाहिजे, असे ते कलम सांगते. पासवर्ड त्याच्या फोनमध्ये होता आणि तो घरून काम करत होता, एवढे तेथे पुरते.

मुदतीचा मुद्दा आज आपल्याला अडचणीचा नाही, पण पुढे होऊ शकतो. दुसऱ्यासाठी भरलेल्या पैशाच्या वसुलीची मुदत, मुदत कायदा, १९६३ प्रमाणे, पैसे भरल्याच्या तारखेपासून तीन वर्षे आहे. येथे प्रत्येक बिलाची तारीख स्वतंत्र धरली जाते. डिसेंबरच्या बिलाची मुदत जूनच्या बिलाच्या आधी संपते. मुदत चालू असताना समोरच्याने सही करून देणे मान्य केले तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. अंशतः पैसे दिले तरी तसा लाभ मिळतो, मात्र त्यासाठी देणाऱ्याच्या हस्ताक्षरातील किंवा सहीची नोंद लागते. वकिली सुरू केली त्या काळात मी नौपाड्यात दोघांसोबत एका खोलीत राहत असे. त्यांपैकी एकाने ‘तुझे पैसे कुठे जातात’ असे म्हणत म्हणत चार वर्षे काढली आणि मी, दिवसभर लोकांना मुदतीचा कायदा सांगणारा माणूस, संकोचापोटी एका ओळीचा कागदसुद्धा लिहून घेऊ शकलो नाही. ते पैसे अजूनही तेथेच आहेत.

म्हणून आता कबुलीच्या कागदाकडे येतो. येत्या आठवड्यात, तिघेही घरी असतील अशा एखाद्या रविवारी, वरील हिशोबाचा एका पानाचा तक्ता छापून समोर ठेवा. एसीची रक्कम आणि बिनबिलाचा किराणा आपण होऊन वगळल्याचे त्यात ठळकपणे दिसू द्या. त्याने एखादी ओळ सप्रमाण खोडून काढली तर ती तेथेच दुरुस्त करा आणि मग तक्त्याखाली त्याच्याच हस्ताक्षरात पुढील मजकूर लिहून घ्या: ‘वरील हिशोब मी वाचला असून तो मला मान्य आहे. डिसेंबर ते जून या काळातील सामाईक घरखर्चाच्या माझ्या वाट्यापोटी रुपये २५,६५० मी देणे लागतो. ही रक्कम मी अमुक तारखेपर्यंत देईन. न दिल्यास घरमालकांकडील माझ्या ३०,००० रुपयांच्या डिपॉझिटमधून तेवढी रक्कम घरमालकांनी परस्पर यांना द्यावी, यास माझी संमती आहे.’ खाली पूर्ण नाव, कायमचा पत्ता, तारीख आणि सही. साक्षीदार म्हणून दुसऱ्या रूममेटची सही. रकमेच्या आकड्यासोबत अक्षरी रक्कमही लिहावी.

या चार ओळींनी चार कामे होतात. मुदत नव्याने सुरू होते. हिशोब योग्य की अयोग्य हा वाद जवळजवळ संपतो. देणे एका लेखी वचनावर आणि ठरलेल्या आकड्यावर आल्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा, दाखल करण्याचा मार्ग उघडतो, ज्यात प्रतिवादीला बचाव करण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते. कबुलीशिवाय केवळ बिलांच्या जोरावर हा मार्ग मिळणे कठीण. चौथे काम डिपॉझिटचे. त्याबद्दल जरा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण २५,६५० रुपयांसमोर ३०,००० रुपये घरमालकांकडे पडून आहेत आणि माझ्या मते या प्रकरणाचा निकाल तेथेच लागणार आहे.

घरमालक डिपॉझिटमधून काय कापू शकतात हे करारावर अवलंबून असते. सामान्यतः थकलेले भाडे, थकलेली बिले आणि घराचे नुकसान एवढ्यापुरती ती मुभा असते. आपण सर्व बिले वेळेवर भरली आहेत, त्यामुळे घरमालकांचे येणे काहीच नाही. येणे आहे ते आपले, आणि त्या व्यवहाराशी घरमालकांचा संबंध नाही. लेखी संमतीशिवाय त्यांनी त्याच्या हिश्शाचे पैसे आपल्याला दिले तर उद्या तो घरमालकांकडे पुन्हा तीच रक्कम मागू शकतो, म्हणून शहाणा घरमालक तसे करणार नाही आणि आपणही त्यांना त्या पेचात टाकू नये. संमतीचा कागद असला तर मात्र त्यांना काहीच अडचण राहत नाही. त्या कागदाची प्रत त्यांना मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ‘मिळाले’ एवढे उत्तर मागवून घ्या.

आपल्याकडे ठाण्या-नवी मुंबईत बहुतेक घरांत एक वेगळीच रीत चालते. जाणारा रूममेट घरमालकांकडे डिपॉझिट मागत नाही. त्याच्या जागी येणारा नवा रूममेट तेवढी रक्कम थेट जाणाऱ्याच्या खात्यात टाकतो आणि घरमालकांकडचे डिपॉझिट जसेच्या तसे राहते. आपल्या घरातही हेच होणार असेल तर पैसा घरमालकांकडून न येता नव्या माणसाकडून येईल, आणि तो एकदा थेट त्याच्या खात्यात गेला की आपल्या हातचे साधन संपले. करार मुदतीपूर्वी सोडायचा तर घरमालकांची संमती हवी आणि नव्या माणसाचे नाव घेऊन नवा करार नोंदवायचा तर आपणा दोघांच्या सह्याही हव्यात. ‘आधी आपला हिशोब मिटवू, मग पुढच्या कराराचे करू’ असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. यात धमकी नाही. कागदावर मात्र असे लिहा की नव्या रूममेटने ३०,००० पैकी २५,६५० रुपये आपल्या खात्यात आणि ४,३५० रुपये त्याच्या खात्यात पाठवावेत, आणि त्यावर तिघांच्याही सह्या घ्या. त्याच्या संमतीशिवाय नव्या माणसाकडून पूर्ण रक्कम आपल्या खात्यात घेऊन त्यातून वाटा वळता करण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. ती करू नका, कारण मग येणेकऱ्याच्या खुर्चीत तो बसेल आणि आपण देणेकऱ्याच्या. जाता जाता, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, तो अकरा महिन्यांचा असला तरी. तेव्हा नवा माणूस ‘तसाच’ राहायला येऊ देऊ नका.

पोलिसांबद्दल. समजूत अशी असते की फसवणुकीची तक्रार दिली की फोन जाईल आणि पैसे येतील. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधील फसवणुकीसाठी मुळापासून फसवण्याचा हेतू असावा लागतो. वर्षभर नियमित पैसे देऊन नंतर थांबलेल्या माणसाबाबत तो दाखवता येत नाही. हे दिवाणी स्वरूपाचे देणे आहे आणि ठाणे अंमलदार आपल्याला तेच सांगतील. लॅपटॉपचे उत्तर याहून कडक आहे. पैसे येणे आहेत म्हणून दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीशिवाय उचलून ठेवणे हे चोरीच्या व्याख्येत बसू शकते, मग ती परत देण्याची आपली कितीही इच्छा असो. कुलूप बदलणे, बॅगा अडवणे, दारात उभे राहणे यांतून बेकायदा अटकावाचा गुन्हा उभा राहतो. करारावर त्याचीही सही आहे, त्यामुळे करार असेपर्यंत घर जितके आपले तितकेच त्याचे आहे. त्याच्या कंपनीच्या एचआरला मेल करणे किंवा सोसायटीच्या ग्रुपवर त्याचे नाव-फोटो टाकणे हेही टाळा, कारण त्यातून अब्रुनुकसानीचे लोढणे आपल्या गळ्यात पडते आणि २५,००० ची फिर्याद बाजूला राहते. वायफायचा पासवर्ड बदलण्यास माझी हरकत नाही. कनेक्शन आपले आहे. दोन दिवस आधी ग्रुपवर तसे लिहून मग बदला.

तो कबुली देण्यासच नकार देईल, अशीही शक्यता आहे. तसे झाले तर त्याच दिवशी लेखी मागणी पाठवा. नोटीस वकिलामार्फतच पाठवली पाहिजे असा कायदा नाही. आपण स्वतः लिहू शकता, आणि एवढ्या रकमेसाठी पहिले पत्र स्वतः लिहिणे मला अधिक सोयीचे वाटते. हिशोबाचा तक्ता जोडा, पंधरा दिवसांची मुदत द्या आणि न दिल्यास पत्राच्या तारखेपासून व्याज मागण्यात येईल हे स्पष्ट लिहा, कारण व्याजाचा करार नसेल तेव्हा, व्याज कायदा, १९७८ प्रमाणे, व्याज मागणाऱ्या लेखी सूचनेच्या तारखेला महत्त्व असते. पत्र स्पीड पोस्टाने दोन पत्त्यांवर पाठवा: घणसोलीचा फ्लॅट आणि कायमचा पत्ता. कायमचा पत्ता नोंदणीकृत करारात असतो, करार उघडून पाहा. पोहोच आल्याचा ट्रॅकिंगचा कागद त्याच दिवशी छापून ठेवा.

त्यानंतर थेट दाव्याकडे न जाता जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार दाव्यापूर्वीचे वादही लोक अदालतीत ठेवता येतात. कोर्ट फी लागत नाही. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसते. समोरच्याने यायलाच नकार दिला तर लोक अदालत निर्णय लादू शकत नाही, ही तिची मर्यादा आहे. पण माझा अनुभव असा की न्यायालयाच्या आवारातून आलेला कागद घरच्यांच्या हाती पडला की पोराचे वडील स्वतः फोन करतात. तेथे हप्ते ठरले तर प्रत्येक हप्त्याचा पुढील तारखेचा चेक घ्या. चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात फौजदारी तक्रार, असा परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ चा क्रम आहे, आणि यातील एकही तारीख चुकवून चालत नाही.

दावा करावाच लागला तर घणसोली ठाणे जिल्ह्यात येत असल्याने तो बेलापूरच्या दिवाणी न्यायालयात चालेल. तो पुण्याला किंवा साताऱ्याला निघून गेला तरी आपल्याला तेथे जावे लागणार नाही, कारण दाव्याचे कारण येथे घडले आहे. याच ठिकाणी एक खबरदारी सांगतो. नवी मुंबई म्हणून ओळखला जाणारा सगळाच भाग ठाणे जिल्ह्यात नाही. खारघर, कामोठे रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात येतात आणि तेथील असेच प्रकरण पनवेलच्या न्यायालयात जाते. चुकीच्या न्यायालयात दाखल झालेला दावा परत मिळतो, पण गेलेले महिने मिळत नाहीत. दावा केल्यास ६५० रुपये सोडून तो २५,००० पुरताच ठेवावा असे मी सुचवेन, कारण २५,००० पर्यंतच्या पैशाच्या वसुलीत उच्च न्यायालयात दुसरे अपील करता येत नाही आणि वाद जिल्हा न्यायालयातच संपतो.

परवडेल का? कबुली असेल तर होय. नसेल तर तारखा, वकिलांची फी आणि बुडालेले कामाचे दिवस यांची बेरीज आपणच करून पाहावी; मी वकील असूनही सांगतो की ती बेरीज पुष्कळदा येण्याच्या रकमेपेक्षा मोठी होते. हुकूमनामा झाला की वसुली मात्र नोकरदाराकडून तुलनेने सोपी असते. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून पगार जप्त करता येतो. पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना संरक्षण आहे; म्हणजे ४०,००० पगार असेल तर ३९,००० चा तिसरा हिस्सा, १३,००० रुपये, दरमहा जप्त होऊ शकतो. दोन पगारांत विषय संपतो, आणि हे त्याला शांतपणे समजावून सांगितले तर दाव्याची वेळ सहसा येत नाही.

पुराव्याबाबत एकच गोष्ट बजावतो: सध्याचा फोन विकू नका, बदलू नका, त्यातील चॅट पुसू नका. स्क्रीनशॉटची छापील प्रत हा मूळ पुरावा नव्हे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग उपकरण वापरणाऱ्याने आणि दुसरा जाणकाराने भरून द्यायचा असतो. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये होती आणि असे प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात स्पष्ट केले होते. ग्रुपचे संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःलाच मेल करून ठेवा. सोयीचे तेवढेच तुकडे जपू नका. त्याने ‘देतो’ म्हटले आहे तसेच आपण त्याला काय काय म्हटले आहे, तेही न्यायालय वाचते. मावशींचा पगार रोखीने गेला असल्याने त्यांच्याकडून सात महिन्यांची एक साधी पावती लिहून घ्या. त्यांना न्यायालयात यावे लागेल असे सांगून घाबरवू नका, बहुधा लागणार नाही.

आपण न विचारलेला एक प्रश्न राहतो: वसुली झालीच नाही तर तो सगळा भार एकट्या आपणच सोसायचा का? कलम ४३ मध्येच याचे उत्तर आहे. सामाईक जबाबदारी घेतलेल्यांपैकी एकाने वाटा बुडवला तर ते नुकसान उरलेल्यांनी समान सोसायचे असते. म्हणजे वीज आणि गॅसपुरते तरी, आणि मावशींना तिघांनी मिळून ठेवले असल्याने त्यांच्या पगारापुरतेही, दुसरे रूममेट निम्म्या नुकसानीस जबाबदार ठरतात. ती रक्कम ५,८७०, ९८० आणि १०,५०० मिळून १७,३५० च्या निम्मी, म्हणजे ८,६७५ रुपये होते. वायफाय आणि किराण्याबाबत मी असे ठामपणे म्हणणार नाही. त्यांच्याकडे ही मागणी आज करू नका, पण हे त्यांना आजच सांगा. आतापर्यंत ते ‘तुमचे तुम्ही बघा’ अशा भूमिकेत असतील, तर रविवारच्या बैठकीत ते साक्षीदाराच्या सहीसाठी नव्या उत्साहाने बसतील.

शेवटी जुलैच्या बिलांचे. तो ३१ तारखेला निघेल आणि जुलैचे लाइट बिल त्यानंतर येईल. गॅसचे बिल दोन महिन्यांनी येत असल्याने ते आणखी उशिरा. निघण्याच्या दिवशी दोन्ही मीटरचे, आकडे स्पष्ट दिसतील असे फोटो त्याच्या समक्ष काढून ग्रुपवर टाका. जुलैचा मावशींचा पगार आणि वायफायचा वाटा, म्हणजे १,५०० अधिक ३००, त्याच दिवशी घ्या आणि वीज-गॅसच्या अंदाजापोटी १,००० रुपये त्याच्या ४,३५० मधून राखून ठेवण्याची ओळ कबुलीच्या त्याच कागदावर, सहीच्या वर, लिहून घ्या. बिल आल्यावर फरक त्याला यूपीआयने परत करा आणि शेऱ्यात ‘जुलै अंतिम हिशोब’ असे टाका.